रोजगार हमीची चार सालं: नववीच्या एका इतिहास प्रकल्पाचं प्रकरण

पहिल्या आठवड्याच्या शेवटी गटाने आणलेल्या तक्त्यावर तीस चौकटी होत्या. १९४७ ते २०००. दर चौकटीत एक साल, एक ओळ आणि इंटरनेटवरून छापून कापलेलं एक चित्र. बँकांचं राष्ट्रीयीकरण, पोखरण, आर्यभट्ट, आणीबाणी, किल्लारीचा भूकंप. अक्षर सुरेख, कडेने स्केचपेनची महिरप. असा तक्ता भिंतीवर शोभतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी उजळणीलाही बरा पडतो. पण तीसपैकी एकाही घटनेसाठी गटाला स्वतः काही शोधावं लागलं नव्हतं, म्हणून त्याला इतिहासाचा प्रकल्प म्हणता येत नव्हतं.

गट पाच जणांचा, शाळा जालना जिल्ह्यातली, मुदत सात आठवडे. (प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा प्रकल्पांत नेहमी जे घडतं ते एका गटाभोवती मांडलं आहे. इतिहासाचे तपशील मात्र जसे आहेत तसे.) विषय होता ‘स्वातंत्र्योत्तर भारतातील महत्त्वाच्या घटना’.

बदल घडला तो एका खाडाखोडीमुळे. ‘रोजगार हमी योजना’ या चौकटीतलं साल दोनदा खोडलेलं होतं. एकीने १९७२ लिहिलं होतं, दुसऱ्याने ते खोडून १९७७ केलं, तिसऱ्याला १९७९ सापडलं. शिक्षिकेने उत्तर सांगितलं नाही. ज्याला जे साल जिथे मिळालं, तिथलं अख्खं वाक्य वहीत उतरवून आणायला सांगितलं. तिन्ही वाक्यं शेजारी ठेवल्यावर गुंता सुटला. सालं तिन्ही बरोबर होती, क्रियापदं वेगळी होती. १९७२ मध्ये योजना सुरू झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. पुढे कायद्याची प्रत पाहिल्यावर चौथं साल निघालं. राष्ट्रपतींची संमती मिळून त्याची नोंद १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २० अशी झाली, नावात मात्र १९७७ च राहिलं.

त्या दिवशी गटाने एक नियम लिहून ठेवला: क्रियापदाशिवाय साल लिहायचं नाही. संविधानाच्या चौकटीलाही तो लागू पडला. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं, २६ जानेवारी १९५० ला ते अमलात आलं, आणि तक्त्यावर नुसतं ‘संविधान, १९५०’ होतं. नियम साधा वाटतो, पण शालेय प्रकल्पांतल्या तारखांच्या निम्म्या चुका तो जागीच थांबवतो.

तीसावरून एकावर

‘एकच घटना घेतली तर प्रकल्प लहान दिसेल, गुण कमी पडतील,’ ही मुलांची भीती खरी असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. तिला उत्तर म्हणून निवडीच्या तीन कसोट्या ठरल्या. त्या घटनेतून गेलेली माणसं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत का? निदान एक मूळ कागद मुलांना स्वतः हातात धरता येईल का? आणि गावातल्या गोष्टीचा धागा देशाच्या धोरणापर्यंत नेता येतो का? पोखरण पहिल्याच कसोटीला अडलं. किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) दूरच्या गावचा. बहात्तरचा दुष्काळ मात्र तिन्हींतून पार झाला. १९७२ ला पंधरा वर्षांची असलेली व्यक्ती आज सत्तरीच्या आसपास आहे. हा विषय आणखी दहा-पंधरा वर्षांनी असा हाती लागणार नाही, आणि आज तो घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

पाठ्यपुस्तकाची चौकट गटाने आधी पक्की केली. १९७२ चा पाऊस देशभरातच सरासरीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी पडला. महाराष्ट्रात त्याआधीचं सालही कोरडं गेलेलं होतं, त्यामुळे कणग्या आधीच रिकाम्या होत्या. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने रस्ते, पाझर तलाव, नाला बांध, खडी फोडणं अशी कामं काढली आणि मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे मुंबई-पुणे धरूनही दर दहा माणसांमागे एक माणूस दुष्काळी कामावर! हा भागाकार मुलांनी स्वतः केला आणि प्रकल्पाचं पहिलं वाक्य त्यातूनच आलं. मागेल त्याला काम, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी दुष्काळाआधीपासून लावून धरली होती. दुष्काळाने तिला रेटा दिला.

‘जालना जिल्हा, १९७२’ सापडत नाही

दुसरा आठवडा जवळजवळ वाया गेला. जिल्हा ग्रंथालयात गटाने जालना जिल्ह्याचं १९७१ चं जनगणना पुस्तक मागितलं आणि ‘असं पुस्तक नाही’ हे उत्तर घेऊन परत आला. उत्तर बरोबर होतं. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होता. लातूरच्या शाळेला हीच अडचण येईल, १९८२ पूर्वीचं लातूर उस्मानाबादेत शोधावं लागतं. आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्यामुळे जुन्या कागदांत शोधताना एक पायरी आणखी वाढली आहे. कामाला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावाचा तालुका व जिल्हा तेव्हा कोणता होता आणि आज कोणता, एवढ्या दोन ओळी लिहाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे, आठवडा वाचतो.

वर्तमानपत्रांसाठी शाळेच्या शिक्क्याचं पत्र नेलं की ग्रंथालयात बांधीव खंड पाहायला मिळतात. त्या काळच्या ‘मराठवाडा’ दैनिकाचे अंक असतील तर उत्तम. मुलं ठळक मथळ्यांचे फोटो काढतात आणि घरी आल्यावर तो अंक कोणत्या तारखेचा, हेच कळत नाही. म्हणून क्रम ठरवून घ्यावा: आधी पानाच्या माथ्यावरची तारीख दिसेल असा अख्ख्या पानाचा फोटो, मग बातमीचा जवळून, फ्लॅश बंद. पान उलटताना कोपऱ्याला थुंकी लावायची नाही, हेही सांगावं लागतं. कागद पन्नास वर्षांचा आहे, बोटातच तुटतो.

सगळ्यात मोलाचा कागद शाळेच्या कपाटातच निघाला. जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात प्रत्येक मुलाचा प्रवेश दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचं कारण हे रकाने असतात. गटाने जून १९७० ते जून १९७४ या काळात दाखले नेलेल्या मुलांच्या वर्षवार रेघा मारल्या, मुली आणि मुलगे वेगळे. बहात्तर-त्र्याहत्तरच्या रेघा आधीच्या वर्षांपेक्षा ठळकपणे जास्त भरल्या आणि कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ पुन्हा पुन्हा येत होतं. या दोन शब्दांमागे काय होतं ते मुलाखतींतून कळलं: मुलं आईबरोबर खडीवर जात होती, नाहीतर घरी धाकटी भावंडं सांभाळत होती.

रजिस्टरात जात, नाव, जन्मतारीख सगळं असतं आणि ती माणसं गावात आहेत. त्यामुळे पानांचे फोटो काढले नाहीत, नावं उतरवली नाहीत, फक्त आकडे घेतले. मुख्याध्यापकांची परवानगी आणि एक शिक्षक शेजारी, याशिवाय ते रजिस्टर उघडूच नये.

ग्रामपंचायतीत ठरावांचं पुस्तक मिळालं, पण मस्टर मिळालं नाही. सरकारी दप्तरात कायम ठेवायचे कागद वेगळे आणि मुदतीनंतर नष्ट करायचे वेगळे असतात. मजुरांच्या हजेरीचे कागद दुसऱ्या गठ्ठ्यातले. ‘मस्टर उपलब्ध नाही’ हे वाक्य गटाला आधी प्रकल्पात घ्यायचं नव्हतं, कमीपणाचं वाटत होतं. ते घ्यायलाच हवं होतं. नेमकं कोण कामावर गेलं याचा कागद उरलेला नाही, म्हणूनच मुलाखतींना इतकं वजन आहे.

मुलाखती: पहिल्या चार पुन्हा कराव्या लागल्या

पहिली यादी चार जणांची होती. चौघेही पुरुष, चौघेही जमीनवाले, चौघांची घरं शाळेच्या रस्त्यावर. सगळ्यांनी साधारण तेच सांगितलं: पाऊस नव्हता, जनावरं विकली, सरकारने कामं काढली. चूक मुलांची म्हणता येत नाही. गावात ‘जुनं सांगणारा माणूस’ विचारलं की बोट याच घरांकडे जातं. पण दुष्काळी कामावर घमेलं उचलणारी माणसं दुसऱ्या घरांत होती. मग यादी माणसांवरून न करता कामांवरून केली. खडी फोडलेली बाई, मुकादम किंवा हजेरी घेणारा, जनावरं विकलेला शेतकरी, तेव्हाचे शिक्षक, गाव सोडून गेलेलं कुटुंब. असे आठ जण ठरले, त्यांत पाच बाया. शेवटचं कुटुंब मिळालं नाही, म्हणून प्रत्यक्षात सात मुलाखती झाल्या.

प्रश्नही बदलले. ‘आजी, दुष्काळात तुम्हाला खूप त्रास झाला का?’ याला ‘लई झाला बाबा’ याखेरीज उत्तर नाही. दुसऱ्या फेरीत विचारलं: आजी, कामावर निघताना उजाडलेलं असायचं का? भाकरी कशाची, आणि ती बांधून नेत होता की तिथेच काही मिळायचं? तान्हं पोर कुठे ठेवत होता? मोजमाप कोण घ्यायचं? पैसे कोणत्या वारी मिळायचे, आणि कुणाच्या हातात? या शेवटच्या प्रश्नाला एका आजींनी दिलेलं उत्तर गटाने जसंच्या तसं ठेवलं: ‘मस्टरवर नाव माझं, पर पैशे सासऱ्याच्या हातात. म्या कवा मोजलेच नाहीत.’ ‘महिलांचा सहभाग मोठा होता’ असं वाक्य प्रकल्पाच्या वहीत आधीच होतं. ते खोटं नव्हतं, पण या उत्तराशेजारी ते फारच पोकळ दिसायला लागलं.

घरात मुलगा किंवा सून बसलेली असेल तर उत्तरं तीच देतात, ‘त्यांना आता आठवत नाही’ म्हणून. अशा वेळी एकाने घरच्यांशी बाहेर बोलत राहावं आणि दुसऱ्याने आत मुलाखत घ्यावी, म्हणून जोडीने जायचं. पंखा बंद करायचा, फोन विमानस्थितीत टाकायचा आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि ‘हे शाळेच्या प्रदर्शनात वापरलं तर चालेल का?’ हा प्रश्न उत्तरासकट नोंदवायचा. चाळीस मिनिटांची मुलाखत शब्दशः उतरवायला तीन तासांहून जास्त लागतात आणि मुलं तिथेच थकतात. त्याऐवजी तीन रकाने केले: मिनिट, विषय, आणि हूबेहूब घ्यावं असं वाक्य. गरज पडेल तेवढाच भाग पूर्ण उतरवला.

तारखा बसवण्याचं काम सगळ्यात रंजक होतं. शेतकरी माणूस महिना सांगत नाही, नक्षत्र सांगतो. ‘मिरग कोरडा गेला, हस्तात चार थेंब आले.’ पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, त्यामुळे ती दरवर्षी जवळजवळ त्याच इंग्रजी तारखेला येतात. मृग ७-८ जूनला, हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे नक्षत्रावरून थेट तारीख लावता येते. पोळा, पंचमी, दिवाळी अशा सणांवरून सांगितलं तर मात्र त्या सालचं पंचांग पाहावं लागतं. ‘थोरला पोटात होता’ यावरून एकाने थोरल्याचा शाळेचा दाखला पाहून १ जून १९७३ अशी जन्मतारीख आणली आणि गट खूश झाला. पण १ जून ही गुरुजींची तारीख आहे. जन्माची नोंद नसलेल्या पोराला शाळेत घालताना वय बसवून तीच लिहीत, म्हणून त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. असा दाखला पुरावा म्हणून धरता येत नाही. आजींचं ‘थोरला पोटात होता’ हेच अधिक भरवशाचं, कारण ते कुणी जुळवून लिहिलेलं नव्हतं.

मजुरीबद्दल कुणी दीड रुपया सांगितला, कुणी तीन. गटाने सरासरी काढून सव्वादोन लिहिलं. आठवणींची सरासरी काढायची नसते! फरक का पडतो ते विचारायचं असतं. परत जाऊन विचारल्यावर कळलं की काम मोजून दाम होता. टोळीने जेवढी खडी फोडली किंवा माती उचलली तेवढ्याचे पैसे, आणि ते टोळीत वाटले जायचे. टोळीत म्हातारी माणसं जास्त असली की प्रत्येकाला कमी पडायचं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते.

चुकीचं छायाचित्र आणि ‘दुष्काळ’ हा शब्द

चौथ्या आठवड्यात तक्त्याच्या मधोमध एक मोठं छायाचित्र आलं: हाडांचे सापळे झालेली माणसं, बसलेली. खाली ‘महाराष्ट्र, १९७२’. चित्रावरून शोध घेतल्यावर ते मद्रास इलाख्यातल्या १८७६-७८ च्या दुष्काळाचं निघालं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं जुनं. ही चूक फक्त चित्राची नव्हती. मराठीत पाऊस न पडणं आणि अन्नावाचून माणसं मरणं, दोन्हीला आपण दुष्काळच म्हणतो. पहिल्यासाठी अवर्षण हा शब्द आहे, सरकारी कागदात टंचाई असतो, पण बोलण्यात सगळ्याचा दुष्काळ होतो. बहात्तरला अवर्षण भीषण होतं, हाल झाले, जनावरं गेली, पोरांची शाळा सुटली. पण १८७६ सारखा मृत्यूंचा लोट आला नाही. तो का आला नाही, हाच या विषयाचा गाभा. ते छायाचित्र लावलं असतं तर प्रकल्पाने स्वतःचंच उत्तर पुसून टाकलं असतं.

चित्र काढलं. त्या जागी गावच्या पाझर तलावाचा आजचा फोटो आणि त्याच्या भिंतीवर उभं राहून काढलेला साधा नकाशा आला.

खाण्यापिण्याबद्दलही असाच घोळ होता. कामावर वाटलेली सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी जवळजवळ प्रत्येकीने सांगितली. एका मुलाने त्यापुढे ‘पीएल-४८०’ (अमेरिकेतून धान्य येण्याचा तिथला कायदा) लिहिलं, कारण शोधात अमेरिकी धान्याबरोबर तेच नाव येतं. ती मुख्यतः साठच्या दशकातली, १९६५-६६ च्या टंचाईशी जोडलेली गोष्ट. दोन दुष्काळ आठवणीत एकमेकांत मिसळतात, तसेच ते शोधयंत्रातही मिसळतात. ‘तेव्हा अन्न नव्हतं पण विहिरीला पाणी होतं, आता उलटं झालंय’ हे वाक्यही बऱ्याच गावांत ऐकू येतं. गटाने ते आठवण म्हणून नोंदवलं, निष्कर्ष म्हणून नाही. ते तपासायला विहिरींची तेव्हाची आणि आत्ताची खोली हवी, आणि त्या गावात तेव्हाची मापं मिळाली नाहीत.

गावातून दिल्लीकडे

शेवटच्या फलकावर आधी बाण होता: १९७२ चा दुष्काळ, मग २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा. मध्ये तेहतीस वर्षांची उडी. अशी उडी मारली की इतिहास आपोआप घडतो असं मुलांना वाटायला लागतं. मधल्या पायऱ्या भराव्या लागल्या. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला, योजनेला पैसा हवा म्हणून. हा कर आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात दिसतो, साधारणपणे महिन्याला २०० रुपये. शिक्षिकेने आपल्या पगारपत्रकातली ती एक ओळ बाकीचं झाकून दाखवली आणि मुलांना पन्नास वर्षांपूर्वीचा निर्णय हातात धरता आला. केंद्राने १९८० मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम आणि १९८९ मध्ये जवाहर रोजगार योजना काढली. त्यांत काम होतं, पण मागितल्यावर मिळेलच असा कायदेशीर हक्क नव्हता. महाराष्ट्राच्या कायद्यात तो होता. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचं मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याला देशपातळीवर कायद्याचं रूप २००५ मध्ये आलं, तेही कुटुंबामागे वर्षाला १०० दिवस या मर्यादेत. फलकावरचा एक बाण जाऊन तिथे पाच टप्पे आले, प्रत्येकाला त्याचं क्रियापद.

मांडणी

बावीस बाय अठ्ठावीस इंचांचे चार कार्डशीट, प्रत्येकावर जास्तीत जास्त १२० शब्द. त्याहून जास्त मजकूर उभ्याने कुणी वाचत नाही. उजव्या कडेला चार बोटांची पट्टी सोडली, तिथे ‘हे कुठून कळलं’. रजिस्टर, वर्तमानपत्राची तारीख, मुलाखत क्रमांक आणि मिनिट. सगळे फलक एकीनेच लिहायचे हा बेत मात्र चुकला. सुवाच्य अक्षराच्या मुलीवर तीन रात्रींचं काम आलं आणि तिला मुलाखतींना जाता आलं नाही. लिहिणं वाटून घ्यायला हवं होतं, अक्षर थोडं कमी देखणं चाललं असतं.

प्रदर्शनात फलकांपेक्षा जास्त गर्दी मैदानात झाली. खडी ब्रासवर मोजतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गटाने फक्कीने १० फूट बाय १० फुटांचा चौकोन आखला आणि चारही कोपऱ्यांत एक फूट उंचीच्या खुंट्या मारून सुतळी ओढली. इतकी खडी हातोडीने. शेजारी एक घमेलं, एक हातोडी आणि न फोडलेले पाच दगड. नातवाचा हात धरून आलेल्या एका आजींनी हातोडी उचलून पाहिली आणि म्हणाल्या की ही जड आहे, आमची याहून लहान होती. गटाने ते लगेच मुलाखत क्रमांक आठ म्हणून नोंदवलं.

पाझर तलावाच्या भिंतीवरच्या दगडात १९७५ कोरलेलं आहे आणि गावात सगळे तो बहात्तरचा तलाव म्हणतात. फलकावर दोन्ही गेलं: खोदाई दुष्काळात सुरू झाली असं गाव सांगतं, १९७५ हे दगडावर कोरलेलं साल आहे. त्या साली काम पूर्ण झालं की नुसता दगड बसवला, हे ग्रामपंचायतीच्या ठरावांत अजून पाहायचं आहे. मुलाखतींच्या फाइलींना ‘मुलाखत-०३-खडीकाम’ अशी नावं देऊन एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक त्या-त्या घरी दिली. सोबत पुढच्या वर्षीच्या नववीसाठी एक पान ठेवलं. त्यावर तीनच ओळी आहेत: ठरावांचं पुस्तक १९७३ ते ७६, विहिरींची खोली, आणि गाव सोडून गेलेलं एक तरी कुटुंब.